नाव राहिलं ते राहिलंच!

१९८० च्या दशकात अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात म्हाताऱ्या माणसांची ने-आण करणाऱ्या बसवर एक ड्रायव्हर होता, जॉनी जॉन्सन. बसमधल्या आजी-आजोबांना काय कल्पना, की साऱ्या जगाला नाचवणाऱ्या 'रॉक अँड रोल'च्या सुरुवातीच्या गाण्यांतला पियानो याच बोटांनी वाजवलाय!

जॉनीचा जन्म १९२४ चा, वेस्ट व्हर्जिनियातल्या फेअरमॉन्टचा. अगदी लहानपणीच पोरगं पियानो वाजवायला लागलं. १९५२ मध्ये सेंट लुईसला त्याचा स्वतःचा तिघांचा बँड होता. ३१ डिसेंबरच्या रात्रीचा कार्यक्रम ठरलेला आणि सॅक्सोफोनवाला आजारी! ऐन वेळी जॉनीने एका गिटारवाल्याला बोलावलं. तो चक बेरी.

चक बोलका, चलाख. जॉनी अबोल. बघता बघता बँड चकचा झाला. चक शब्द आणायचा आणि दोघं बसून चाल जमवायचे, असं जॉनीचं म्हणणं. १९५५ मध्ये 'मेबलीन' तुफान गाजलं. त्यावर लेखक म्हणून चकसोबत एका रेडिओ निवेदकाचंही नाव लागलं, पियानोवाल्याचं नाही!

१९७३ मध्ये जॉनीने चकची साथ सोडली. पुढे १९८६ मध्ये चकच्या साठीच्या कार्यक्रमात 'रोलिंग स्टोन्स'च्या कीथ रिचर्ड्सने त्याला पुन्हा पियानोवर बसवलं. कीथने एक गोष्ट हेरली होती. चकच्या गाण्यांच्या पट्ट्या गिटारला अडचणीच्या, पण पियानोला सोयीच्या. मग चाली जुळल्या कशावर?

२००० मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, जॉनीने पन्नासहून जास्त गाण्यांवर हक्क सांगत दावा लावला. २००२ मध्ये कोर्टाने तो फेटाळला. कारण, फार उशीर झाला होता! चाली कुणाच्या, हा प्रश्न तसाच राहिला. २००१ मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने त्याचा सन्मान केला, तोही साथीदार म्हणून. २००५ मध्ये तो गेला.

मैत्रिणींनो, 'आपल्याच माणसाकडे काय मागायचं?' म्हणून गप्प बसणं आपल्याला नवं आहे का? दोघी मिळून पापड-लोणच्याचा धंदा काढा, नाहीतर घरच्या दुकानात राबा; नाव, वाटा आणि तारीख पहिल्याच महिन्यात कागदावर येऊ द्या. त्याने माया आटत नाही हो!