परदेशस्थ विद्यार्थ्याचे दैनंदिन जीवन, करमणूक व प्रवास : डॉ. आंबेडकरांचा विद्यार्थिदशेतील अनुभव आणि चंद्रपूर-गडचिरोलीचे विद्यार्थी

प्रस्तावना :
चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांतील विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणे ही आता कल्पनेतील गोष्ट राहिलेली नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती योजना आहे, तर अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी आदिवासी विकास विभागाची योजना आहे. या योजनांमुळे आश्रमशाळेत व शासकीय वसतिगृहात वाढलेल्या मुलामुलींनाही ही वाट खुली झाली आहे. मात्र महाविद्यालयातील मार्गदर्शन बहुधा प्रवेशअर्ज, इंग्रजीची परीक्षा व पारपत्र यांपाशी थांबते. परदेशात राहायचे कसे, खायचे काय, मोकळा वेळ घालवायचा कसा, या प्रश्नांना अभ्यासबाह्य समजून बाजूला ठेवले जाते. वस्तुतः परदेशातील शिक्षणाचे यशापयश पुष्कळदा याच गोष्टींवर अवलंबून असते. हे स्पष्ट करण्यासाठी प्रस्तुत लेखात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९१३ ते १९२३ या काळातील परदेशवास्तव्याचा दैनंदिन जीवनाच्या अंगाने विचार केला आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेमुळे बाबासाहेबांचे या भूमीशी अतूट नाते आहे. त्यांच्या पदव्या आपणांस पाठ असतात. त्या पदव्यांमागची दिनचर्या मात्र क्वचितच सांगितली जाते.

उद्दिष्टे :
१) परदेशस्थ विद्यार्थ्याच्या निवास, आहार व आर्थिक नियोजनाचे स्वरूप समजून घेणे.
२) करमणूक व प्रवास यांचा अध्ययनाशी असलेला संबंध स्पष्ट करणे.
३) या परिसरातील विद्यार्थ्यांच्या पूर्वतयारीच्या दृष्टीने निष्कर्ष मांडणे.

निवास व आहार :
बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. त्या वेळी त्यांचे वय बावीस वर्षांचे होते. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहातील जेवण त्यांना रुचले नाही. त्यामुळे थोड्याच दिवसांत ते भारतीय विद्यार्थी राहत असलेल्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना हे पारशी विद्यार्थी त्यांच्यासोबत राहत. हे स्थलांतर वरवर किरकोळ वाटते. परंतु याच सहवासातून जडलेल्या मैत्रीमुळे १९२० मध्ये लंडनचे अपुरे शिक्षण पुन्हा सुरू करताना भथेनांचे पाच हजार रुपयांचे कर्ज त्यांना मिळू शकले. खोलीतला सोबती कोण, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाही.

लंडनमधील दुसऱ्या वास्तव्यातील दिनचर्या याहून कठोर होती. सकाळी पावाचा तुकडा, थोडी मासळी व चहा एवढ्यावर ते ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय गाठीत व ते बंद होईपर्यंत तेथे वाचीत. दुपारच्या जेवणाला फाटा दिलेला असे. रात्री भूक लागली की एका परिचिताने दिलेले पापड पत्र्यावर भाजून कपभर दुधासोबत खात व पुन्हा वाचनास बसत. या काळात ते ज्या १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहिले, ते २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने विकत घेतले असून आज तेथे स्मारक आहे.

या हालअपेष्टांचा गौरव करताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. उपासमार हा यशाचा मार्ग नव्हे. ती साधनांच्या टंचाईची किंमत होती. १८८३ मध्ये फिलाडेल्फियात वैद्यकशिक्षणास गेलेल्या आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये पदवी मिळवली. परंतु तेथील थंडी व आहाराची आबाळ यांनी त्यांची प्रकृती ढासळली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले. ही दोन्ही उदाहरणे विद्यार्थ्यांसमोर एकत्र ठेवली पाहिजेत.

करमणूक :
न्यूयॉर्कमधील पहिले काही महिने मित्रमंडळी, नाटके व खेळ यांत गेले, असे बाबासाहेबांच्या चरित्रांतून दिसते. आपण येथे कशासाठी आलो याची जाणीव झाल्यावर त्यांनी वेळेचा हिशेब मांडला. पुढे त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ व मानववंशशास्त्राचे ४ अभ्यासक्रम घेतले. उरलेल्या वेळचा त्यांचा आवडता छंद म्हणजे जुन्या ग्रंथांच्या दुकानांतून फिरणे. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमविली. तेव्हा करमणूक संपली नाही, तिचे रूप पालटले.

आपल्या परिसरातील विद्यार्थ्याच्या संदर्भात हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. देसाईगंज (वडसा) हे केंद्र असलेल्या झाडीपट्टी रंगभूमीची नाटके रात्रभर चालतात व ती पाहण्यास गावेच्या गावे लोटतात. दंडार असो वा माडिया-गोंड समाजातील रेला नृत्य असो, येथील करमणूक सामूहिक आहे. तिच्यासाठी निमंत्रण लागत नाही. परदेशी शहरात करमणूक तिकिटाने व पूर्वनियोजित भेटीने मिळते. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या चंद्रपुरातून गेलेल्या तरुणाला डिसेंबरातल्या लंडनमध्ये दुपारी चारच्या सुमारासच अंधार भेटतो. या एकाकीपणाला विद्यार्थी स्वतःची दुर्बलता समजतो व घरी कळवीत नाही. तो परिस्थितीचा स्वाभाविक परिणाम आहे, हे त्याला जाण्यापूर्वीच सांगणे आवश्यक आहे.

प्रवास :
बाबासाहेबांच्या काळी प्रवास आठवड्यांचा व जोखमीचा होता. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने ते परतले, तेव्हा त्यांचे ग्रंथ व सामान असलेले जहाज महायुद्धात पाणतीराने बुडविले गेले. विम्यापोटी मिळालेले सहाशे रुपये त्यांना बडोद्यास जाण्यासाठी उपयोगी पडले. १९२२ मध्ये त्यांनी जर्मनीत बॉन विद्यापीठ गाठले. तो प्रवासही अध्ययनासाठीच होता. आज अंतर काही तासांवर आले आहे. तरी भामरागड वा सिरोंच्याच्या विद्यार्थ्यासाठी परदेशप्रवासाचा अवघड टप्पा विमानात नव्हे, तर कागदपत्रांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, नागपूरला व मुंबईला घालाव्या लागणाऱ्या खेपांमध्ये असतो. त्या खेपांचा खर्च शिष्यवृत्ती हाती पडण्यापूर्वीच करावा लागतो.

निष्कर्ष :
१) निवास, आहार व सहवास ही अध्ययनाचीच अंगे आहेत, पूर्वतयारीत त्यांना स्थान द्यावे. स्वयंपाक व मासिक जमाखर्च यांचा सराव येथेच करून घ्यावा.
२) करमणूक वर्ज्य नसून तिला वेळेची मर्यादा हवी. पहिल्या काही महिन्यांतील भरकटणे सुधारता येते, हे बाबासाहेबांच्या उदाहरणावरून दिसते.
३) निवड झालेल्या विद्यार्थ्याच्या प्रारंभिक प्रवासखर्चासाठी महाविद्यालयांनी माजी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने छोटा निधी उभारावा.
४) विद्यार्थी गेल्यानंतर किमान पहिले वर्ष एका प्राध्यापकाने त्याच्याशी नियमित संपर्क ठेवावा.

बाबासाहेबांना बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य व मित्राचे कर्ज मिळाले. तरीही रात्रीची भूक त्यांना एकट्यानेच सोसावी लागली. आपल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला ती येऊ नये, एवढी व्यवस्था करणे हे अध्यापक म्हणून आपल्या आवाक्यातील काम आहे.