पवनारची वेस व तिचा काळ

वर्धा शहराच्या ईशान्येस सुमारें ८ किलोमीटरांवर धाम नदीच्या कांठीं पवनार हें गांव आहे. येथील किल्ल्याचा तट बहुतेक नामशेष झाला असून मागें वेशीचा अवशेष तेवढा उरला आहे. गांवाचें प्राचीनत्व या वेशीस चिकटविण्याचा मोह सहज होतो. म्हणून दोहोंचा विचार वेगवेगळा करणें आम्हांस अवश्य वाटतें.

गांव प्राचीन आहे यांत संशय नाहीं. विनोबाजी १९३८ सालीं येथें राहावयास आल्यानंतर आश्रमाच्या जमिनींत जुन्या मूर्ति सांपडल्या. म. म. मिराशी यांनीं त्यांत रामकथेचे प्रसंग ओळखले व द्वितीय प्रवरसेनाचें प्रवरपुर तें हेंच, असें प्रतिपादिलें. १९६७ सालीं देव व ढवळीकर यांनीं येथें उत्खनन केलें. पुढें रामटेकजवळील मनसर येथें ‘प्रवरेश्वर’ नामाच्या मुद्रा मिळाल्यामुळें कित्येक विद्वान् प्रवरपुर तेथें मानतात. तेव्हां हा वाद मिटला असें म्हणतां येत नाहीं.

परंतु वेशीचा निर्णय या वादावर मुळींच अवलंबून नाहीं. वाकाटककालीन शिल्पी द्वारावर आडवी शिळा, म्हणजे उत्तरंग, ठेवीत. पाचरीच्या दगडांची खरी कमान दक्षिणेंत रूढ झाली ती मुसलमानी अमलानंतर. शिवाय जुन्या देवळांचे दगड तटास लावण्याची चाल सर्वत्र होती. यास्तव भिंतींतील एखाद्या कोरीव दगडावरून वेशीचें वय ठरवूं नये. अबुल फजलानें ‘आईन-इ-अकबरी’ मध्यें वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत पवनारची गणना केली असून तेथील उंचवट्यावरच्या बळकट किल्ल्याचाहि उल्लेख केला आहे. आमच्या मतें वेशीचा संबंध त्याच किल्ल्याशीं जोडणें युक्त होय.

वेस म्हणजे केवळ दगडांची रचना नव्हे. रात्रीं अडसर घालणें, परक्याची चौकशी करणें हीं वेसकराचीं कामें. त्याबद्दल त्यास गांवाकडून भाकरी व बलुतें मिळे. म्हणून वेशीचा इतिहास वतनाच्या कागदांतहि दडलेला असतो.

ज्यांच्या संग्रहीं पवनार परगण्याच्या सनदा, महजर किंवा जमाबंदीचे ताळेबंद असतील त्यांनीं ते वेशीच्या उल्लेखासाठीं अवश्य तपासावे. तट गेला तसा हा अवशेषहि गेला, तर कागद व दगड ताडून पाहण्याची संधि पुनः येणार नाहीं.