यंत्राची वाणी आणि डोळ्यांची साक्ष

भाद्रपद लागला म्हणजे मुंबई-पुण्याकडील हजारो कुटुंबांची पावले कोकणाकडे वळू लागतात. गौरी-गणपतीसाठी मूळ घरी जाण्याची ही रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. बदलले आहे ते वाहन. पूर्वी चाकरमानी एस.टी.च्या गाडीत बसत असे, आणि त्या गाडीच्या चालकास घाटातील वळण न् वळण, ओढ्यावरील प्रत्येक फरशी पूल आणि पावसात निसरडा होणारा प्रत्येक उतार ठाऊक असे. आता घरोघरी स्वतःची मोटार आली. चालक घरचाच मुलगा किंवा जावई, मागे आजी-आजोबा आणि लेकरे, मांडीवर मखराचे सामान, आणि वाट सांगण्यास समोर लावलेला मोबाईल. त्यातून येणारी शांत, सुस्पष्ट वाणी म्हणते, ‘पुढे उजवीकडे वळा’, आणि गाडी उजवीकडे वळते. या वाणीस काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही, याचा विचार सुज्ञ गृहस्थाने प्रस्थानापूर्वीच केला पाहिजे. तो न केल्याने काही घरांतील दिवे अकाली मालवले आहेत.

पाण्यात गेलेल्या वाटा

२०२१ सालच्या जानेवारी महिन्यातील गोष्ट. पुण्याकडून तिघे जण कळसूबाईच्या दिशेने मोटारीने निघाले होते. रात्रीची वेळ, अपरिचित मुलूख. मोबाईलवरील नकाशाने अकोले तालुक्यात कोतूळकडून जाणारा रस्ता दाखविला. त्या रस्त्यावरील पूल पिंपळगाव खांड धरणाच्या फुगवट्यात बुडालेला होता. धरणात पाणी साठले की दरवर्षी काही महिने तो पाण्याखाली जातो आणि पाणी ओसरले की पुन्हा वाहता होतो, ही गोष्ट पंचक्रोशीस ठाऊक. नकाशावर मात्र पूल मोकळा. मोटार सरळ पाण्यात गेली. दोघे पोहून बाहेर आले, चालक बुडाला.

२०२३ च्या १ ऑक्टोबरला मध्यरात्रीनंतर केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात असाच प्रसंग घडला. मुसळधार पाऊस, समोरचे दिसेना, आणि अनोळखी भागात नकाशाच्या आधारे चाललेली मोटार पेरियार नदीत गेली. दोन तरुण डॉक्टर प्राणास मुकले. पुढे २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरील एका अपुऱ्या पुलावरून मोटार खाली कोसळून तिघे जण गेले. पुलाचा पुढील भाग पुराने पूर्वीच वाहून नेला होता; नकाशावर पूल अखंडच होता. रस्ता अडविण्याची व्यवस्था तेथे असावयास हवी होती, आणि या प्रकरणी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अभियंत्यांवर गुन्हाही नोंदविला गेला. प्रशासनाचे हे उत्तरदायित्व निःसंशय आहे. परंतु चाक ज्याच्या हाती, त्याचे उत्तरदायित्व त्यामुळे संपत नाही.

यंत्रास कळते ते काय?

जीपीएस हा शब्द आज सर्वतोमुखी झाला आहे. पण त्या एका नावाखाली आपण तीन निराळी कामे एकत्र समजतो, आणि सारी गफलत येथेच होते.

पहिले काम उपग्रहांचे. अमेरिकेने उभारलेल्या या व्यवस्थेचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला आणि १९९५ मध्ये ती पूर्णत्वास गेली. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे हे उपग्रह अत्यंत काटेकोर अणुघड्याळांच्या आधारे अहोरात्र वेळेचे संकेत पाठवीत असतात. निदान चार उपग्रहांचे संकेत पोहोचले म्हणजे त्यांना यावयास किती अवधी लागला त्यावरून मोबाईल आपले स्थान गणिताने काढतो. म्हणजे उपग्रहांच्या साहाय्याने कळते ते एवढेच, की आपण येथे आहोत. पुढे पूल आहे की दरी आहे, हे त्यांना ठाऊक नसते. मोकळ्या आकाशाखाली हे स्थान साधारणतः पाच मीटरांच्या फरकाने बरोबर येते. पण घाटात कड्यांवर आपटून येणारे संकेत, दाट झाडी आणि बोगदे यांमुळे तो फरक वाढतो. उड्डाणपूल आणि त्यालगतचा खालचा रस्ता यांतील अंतर कित्येकदा याहून कमी असते. आपण पुलावर आहोत की पुलाखाली, याची ओळख अशा ठिकाणी यंत्रास सहज पटत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये नवी मुंबईत बेलापूर येथे नकाशा पाहत निघालेल्या एका महिलेची मोटार पुलावर चढण्याऐवजी पुलाखालच्या वाटेने जाऊन थेट खाडीत पडली. सागरी सुरक्षा पोलीस जवळ होते म्हणून ती वाचली.

दुसरे काम नकाशाचे. तो आकाशातून घेतलेली छायाचित्रे, सर्वेक्षणे, सरकारी माहिती आणि वाहनचालकांच्या मोबाईलकडून येणाऱ्या नोंदी यांवरून तयार होतो. महामार्गावर हजारो वाहने असतात, त्यामुळे तेथील कोंडी काही मिनिटांत कळते. ज्या आडवाटेने दिवसाकाठी चार गाड्या जातात, तेथे काल रात्री दरड कोसळली तर कळविणार कोण? शिवाय डोंगरात मोबाईलला रेंज नसली की ताजी वार्ता आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. नकाशा हा भूतकाळाचा लेख आहे, आणि पावसाळ्यात भूतकाळ एका रात्रीत जुना होतो. वरंध घाट दरडींच्या भीतीने अनेक पावसाळ्यांत प्रशासनाने वाहतुकीस बंद ठेवला आहे. असे आदेश वृत्तपत्रात येतात. नकाशावर ते वेळेत उमटतीलच, अशी शाश्वती नाही.

तिसरे काम वाट निवडण्याचे. एड्सगर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाने १९५९ मध्ये सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची एक रीत प्रसिद्ध केली. आजची यंत्रे त्याच कुळातील रीती वापरतात. प्रत्येक चौक हा एक बिंदू, प्रत्येक रस्ता ही एक रेघ, आणि प्रत्येक रेघेवर लागणाऱ्या मिनिटांचा एक आकडा. ज्या रेघांची बेरीज सर्वांत कमी, ती वाट श्रेष्ठ. समोरून बैलगाडी आली तर बाजू घेण्यास जागा आहे काय, चढावर चिखल आहे काय, रात्री मदतीस कोणी भेटेल काय, या गोष्टी त्या बेरजेत बहुधा नसतात. म्हणूनच दहा मिनिटे वाचविण्याकरिता यंत्र चांगला महामार्ग सोडावयास सांगते आणि भरलेली मोटार खडीच्या पायवाटेवर नेऊन उभी करते.

नावांचा घोटाळा आणखी निराळा. एक नांदगाव नाशिक जिल्ह्यात, एक रायगड जिल्ह्यात मुरुडजवळ, एक सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यात. नुसते ‘नांदगाव’ लिहून निघणाऱ्यास यंत्र कोठेतरी नेईलच, पण ते आपले नांदगाव असेलच असे नाही.

आप्त कोणास म्हणावे?

न्यायशास्त्राने यथार्थ ज्ञानाची चार साधने मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचे वचन. आणि आप्त तो, ज्यास विषय जसा आहे तसा ठाऊक असतो व जो तो तसाच सांगतो. मोबाईलची वाणी हे शब्दप्रमाणच होय. फसविण्याचा हेतू तिच्या ठायी नाही, हे खरे. पण विषय जसा आहे तसा तिला प्रत्येक वेळी ठाऊक असतो, असे म्हणता येत नाही. म्हणजे आप्ताचे अर्धेच लक्षण तिला लागू पडते. वाटेवरचा माणूस ज्ञान अपुरे असेल तर अडखळतो, डोके खाजवतो, ‘पुढे विचारून घ्या’ म्हणतो. त्याच्या अडखळण्यातूनच आपण सावध होतो. यंत्र अडखळत नाही. चौपदरी महामार्गाविषयी ते ज्या स्वरात बोलते, त्याच स्वरात बुडालेल्या पुलाविषयीही बोलते. धोका आहे तो या निर्विकार स्वरात.

प्रत्यक्ष आणि शब्द यांचा विरोध आला तर काय करावे? श्रीमच्छंकराचार्यांनीही गीताभाष्यात प्रत्यक्षाच्या विरुद्ध जाणाऱ्या वचनास प्रामाण्य दिलेले नाही. जेथे श्रुतिवचनाविषयी आचार्यांची ही भूमिका, तेथे मोबाईलच्या वचनाची कथा काय? काचेपलीकडे पाणी दिसत असताना काचेअलीकडील यंत्र ‘सरळ चला’ म्हणत असेल, तर थांबावे.

मग डोळे असून माणसे पाण्यात का जातात? याचे उत्तर लंडनमधील एका अभ्यासात सापडते. तेथील टॅक्सीचालकांना परवान्यासाठी शहराच्या मध्यापासून सहा मैलांतील सुमारे २५,००० रस्ते मुखोद्गत करावे लागतात. मेंदूतील स्थळ आणि स्मृती यांच्याशी संबंधित ‘हिप्पोकॅम्पस’ या भागाचा मागील अंश त्यांच्यात इतरांहून मोठा असल्याचे संशोधकांना २००० साली आढळले. पुढे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात असे दिसले, की माणूस स्वतः वाट शोधतो तेव्हा हा भाग नव्या गल्लीत शिरताना जागृत होतो. यंत्राच्या सूचनेनुसार चालताना मात्र तशी जागृती दिसत नाही. सारांश, वाट सांगणारा दुसरा असला की वाट पाहणारे मन स्वस्थ बसते. डोळे उघडे राहतात, पण पाहणे थांबते.

या पाहण्याचे मोल काय असते, ते महाडकरांना विचारावे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीच्या पुरात ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसह नदीने गिळल्या. तेथे दोष नकाशाचा नव्हता. कोणत्याही नकाशास ते त्या क्षणी कळणे शक्यच नव्हते. परंतु जवळच राहणाऱ्या एका सामान्य माणसाने पूल नाहीसा झाल्याचे पाहिले आणि भर पावसात रस्त्यावर येऊन पुढील वाहने थांबविली. त्या रात्री उपग्रह आपल्या जागी होते, त्यांची घड्याळेही अचूक होती. प्राण वाचविले ते एका माणसाच्या डोळ्यांनी.

निघण्यापूर्वी

यंत्राचा त्याग करावा, असे येथे सुचवावयाचे नाही. अनोळखी शहरात रात्री रुग्णालय गाठावयाचे असता त्याच्यासारखा सोबती नाही. त्यास सोबती मानावे, सारथी मानू नये, एवढेच सांगणे. आदल्या दिवशी घरातील सर्वांनी मिळून वाट पाहावी आणि वाटेतील गावांची नावे क्रमाने कागदावर उतरवावीत. लेकरांकडून ती पाठ करून घ्यावीत. प्रवासात त्यांना ती गावे ओळखण्याचा आनंद लाभेल आणि चालकास चार डोळे अधिक मिळतील. गावाचे नाव यंत्रात घालताना तालुका आणि जिल्हाही घालावा. नकाशा घरीच मोबाईलमध्ये उतरवून घ्यावा, म्हणजे रेंज गेली तरी तो दिसतो. गावी असलेल्या काकांना किंवा शेजाऱ्यांना फोन करून ‘कोणता घाट चालू आहे, कोणत्या फरशीवर पाणी आहे’ हे विचारावे. वाटेत यंत्र चालकाच्या हाती नसावे; शेजारी बसणाऱ्याने ते पाहावे.

रात्री आणि पावसात मुख्य रस्ता सोडू नये, मग यंत्र कितीही मिनिटांचे आमिष दाखवो. रस्त्यावर वाहते पाणी दिसले तर त्यात मोटार घालू नये. एक फूट खोलीचा प्रवाहही लहान मोटार ओढून नेऊ शकतो. दुर्दैवाने मोटार पाण्यात गेलीच, तर पट्टा सोडून तत्काळ काच खाली करावी आणि बाहेर पडावे. लेकरांना आधी बाहेर काढावे. संकटात ११२ हा क्रमांक लावावा. आणि संशय येईल तेथे टपरीपाशी थांबून ‘पाहुणं, पुढचा साकव शाबूत आहे का?’ असे विचारण्यात कमीपणा मानू नये. पाच मिनिटांच्या त्या थांब्यात चहाही होतो आणि वाटही कळते.

वडीलधाऱ्यांनी मुलास किंवा जावयास निघताना इतके अवश्य सांगावे, की उशीर झाला तरी चालेल, आरतीस थांबू. पण समोर जे दिसेल त्यावर विश्वास ठेव. गणरायाच्या दारी सर्वांनी सुखरूप पोहोचावे, हीच प्रार्थना.