ब्रेकची हवा

गेल्या वैशाखांत पांचगणीहून वाईस उतरतांना पसरणीच्या घाटांत आमच्या मोटारीच्या ब्रेकचें पेडल एकाएकीं मऊ पडून तळाशीं टेकलें. गाडींत आम्ही उभयतां, सून व नातू होतों. पुतण्या चालवीत होता; त्यानें खालचा गिअर घालून, हातब्रेक हळूहळू ओढीत गाडी डोंगराच्या बाजूस उभी केली. कांहीं वेळानें पेडल पूर्ववत् घट्ट झालें, आणि मला तेंच अधिक भयंकर वाटलें. दोष दिसेनासा झाला होता, गेला नव्हता.

द्रव पदार्थ दाबला असतां आकसत नाहीं, तो दाब सर्व दिशांस सारखा पोंचवितो, हा सतराव्या शतकांतील फ्रेंच विद्वान् पास्कल याचा सिद्धांत. हे ब्रेक त्यावरच चालतात. परंतु नेहमींचें ब्रेक ऑइल हवेंतील ओल शोषून घेतें. डॉट ३ जातीचें नवें ऑइल निदान २०५ अंश सेंटिग्रेडपर्यंत तरी उकळूं नये असा नियम आहे. ओल मुरलेल्या ऑइलाची हीच मर्यादा १४० अंश. लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्यानें तें उकळतें, आणि वाफ मात्र दबते! पाय तळाशीं जातो, दाब चाकापर्यंत जात नाहीं. आमचें ऑइल पांच वर्षांत बदललें नव्हतें.

पुतण्या यंत्रविद्येचा पदवीधर. त्यानें हें काम घरींच काढलें. सपाट अंगणांत चाकांस दगड लावून, जॅकशिवाय आणखी भक्कम टेकू दिला. डबींतील जुनें ऑइल पिचकारीनें काढून नवें भरलें. माहितीपुस्तकांतील क्रमाप्रमाणें सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ केला. तेथील निपलास पारदर्शक नळी लावून तिचें टोंक बाटलींतील ऑइलांत बुडविलें. पेडलावर मी.

पहिल्याच चाकाशीं घोटाळा झाला. तो चाकाजवळून म्हणाला, "सोडतों, काका." त्याच्या मनांत निपल. मला ऐकूं आलें, "सोडा, काका," आणि मीं पाय उचलला! निपल उघडें असल्यानें नळींतील हवा उलट आंत ओढली गेली. पस्तीस वर्षें मुलांस क्रियापदांचे पुरुष शिकविलेल्या मास्तराची ही गत.

मग दोनच शब्द ठरविले. पेडल दाबून धरलें कीं मीं "दाबलें" म्हणावयाचें. त्यानें निपल पाव फेरा उघडावें, पेडल खालीं जाऊं द्यावें, निपल बंद करावें आणि मग "मिटलें" म्हणावें. तोंवर पाय हालतां कामा नये. नळींत बुडबुडे येईनासे होऊन स्वच्छ ऑइल येईपर्यंत हाच पाठ. सूनबाई दर चार-पांच दाबांनंतर डबी पाहून भरीत होत्या. ती रिकामी झाली तर वरून हवा शिरते व सारें पुन्हां पहिल्यापासून. मडगार्डावर एक थेंब पडला तो त्यांनींच लगेच पाण्यानें धुतला, कारण या ऑइलानें रंग निघतो. जुनें ऑइल मोरींत न ओततां बाटलींत भरून गॅरेजमध्यें दिलें. हल्लींच्या कांहीं गाड्यांत एबीएसच्या भागांत हवा शिरल्यास ती काढावयास संगणक जोडावा लागतो. तेथें घरचा उद्योग नको.

चारी चाकें झाल्यावर इंजिन सुरू करून पेडल पाहिलें, गल्लींत माणसाच्या चालीनें गाडी थांबवून पाहिली. पुढल्या महिन्यांत पुन्हां पसरणीचा घाट उतरलों. पुतण्यानें वरपासूनच दुसरा गिअर ठेविला होता. पेडल पायथ्यापर्यंत घट्ट राहिलें. नातू मागून प्रत्येक वळणास "दाबलें, मिटलें" ओरडत होता. त्यास कोणीं गप्प केलें नाहीं.