जाग कोण आणतं?

१९१७ साली व्हिएन्नातल्या कॉन्स्टंटिन फॉन इकोनोमो यांनी एका नव्या मेंदूज्वराचं वर्णन प्रसिद्ध केलं. रुग्ण जेवताजेवता झोपी जात. हलवलं की उत्तर देत आणि पुन्हा झोपत. काहींचं नेमकं उलटं होतं, त्यांचा डोळ्याला डोळा लागत नसे. दगावलेल्यांचे मेंदू त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. झोपाळू रुग्णांत मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या मागच्या बाजूला, मध्यमेंदूला लागून इजा दिसली. निद्रानाश झालेल्यांत हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात. जागं ठेवणारी जागा वेगळी, झोपवणारी वेगळी, हा त्यांचा निष्कर्ष. माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेखही तेव्हा कुणी काढलेला नव्हता. म्हणूनच मला हा झोपेच्या संशोधनाच्या वाटचालीतला सर्वांत थोर टप्पा वाटतो.

पुढे बराच काळ मात्र, डोळ्याकानांकडून येणारा ओघ आटला की झोप येते, हीच समजूत टिकली. १९४९ मध्ये मोरुझ्झी आणि मॅगून या संशोधकांनी ती मोडली. गुंगीतल्या मांजराच्या मेंदूस्तंभातल्या जाळीदार पेशीसमूहाला त्यांनी विजेचा हलका झटका दिला आणि आलेखावरच्या संथ लहरी जागेपणीसारख्या जलद झाल्या. जाग मेंदू स्वतः घडवतो, हे आता प्रयोगात दिसलं.

पण ती टिकते कशी? याचं उत्तर नार्कोलेप्सीच्या रुग्णांनी दिलं. १८८० मध्ये फ्रान्समध्ये झेलिनो यांनी या आजाराला नाव दिलं होतं. भरदिवसा अनावर झोप येते. अनेकांचे तर खळखळून हसताना गुडघेच गळतात. १९९८ मध्ये दोन गटांनी हायपोथॅलॅमसमधलं ओरेक्सिन हे संदेशवाहक रसायन शोधलं. १९९९ मध्ये नार्कोलेप्सी असलेल्या डॉबरमन कुत्र्यांत त्याच्याच ग्राहीचा जनुक बिघडलेला आढळला, आणि २००० मध्ये रुग्णांच्या मेंदूत ओरेक्सिन बनवणाऱ्या जवळजवळ नऊ दशांश पेशी नाहीशा झालेल्या दिसल्या. या पेशी जागेपणाच्या दाराची खिट्टी आहेत. ती निघाली की दार केव्हाही लोटलं जातं. इकोनोमो यांनी नार्कोलेप्सीचं मूळही याच परिसरात असावं, असं सुचवलं होतं.

तरीही निदानाला आजही वर्षं लागतात आणि तोवर माणूस आळशी ठरतो. वर्गात रोज डुलक्या घेणाऱ्या मुलाला बाकावर उभं करण्याआधी झोपेच्या डॉक्टरांकडे न्यावं, असं मला कळकळीनं वाटतं. तिथे रात्रभराच्या नोंदीनंतर दिवसा दोन-दोन तासांच्या अंतरानं चार-पाच वेळा झोपायला सांगतात. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागली आणि त्यांतल्या दोनदा तरी लगेच स्वप्नझोप सुरू झाली, तर संशय पक्का होतो.