दुखापतीनंतर पुन्हा स्टेअरिंगवर



निपाणी, संकेश्वर, हत्तरगी, बेळगाव हा पुणे-बेंगळूर हायवेचा पट्टा. इथे बऱ्याच घरांची चूल ट्रकवर पेटते. कुणी कागल किंवा शिरोलीच्या एमआयडीसीतून माल भरतो, कुणी बेळगावच्या उद्यमबागेतलं कास्टिंग पुण्याला पोचवतो, कुणी निपाणीची तंबाखू नेतो. ड्रायव्हरचा अपघात म्हटलं की आपल्याला समोरासमोरची टक्कर आठवते. पण ड्रायव्हर जायबंदी होतो तो उभ्या गाडीवरसुद्धा. ताडपत्री बांधताना, फाळका उघडताना, टायर बदलताना.

माझं तसंच झालं. २०२२ च्या पावसाळ्यात भरलेल्या गाडीवर ताडपत्री ओढत होतो. दोर तुटला आणि मी खाली आलो. डावा घोटा मोडला, प्लेट आणि स्क्रू बसले. डावा पाय म्हणजे क्लचचा पाय. हॉस्पिटलचं पहिलं बिल मालकांनी भरलं, ते मी नाकारत नाही. पुढे मात्र "बघू की, आधी बरा हो" एवढंच उत्तर. तिसऱ्या महिन्यात कळलं, माझ्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर चढलाय. घरात बायकोच्या बिड्यांची मजुरी आणि मुलीच्या कॉलेजची फी, एवढाच हिशोब उरला.

अशा वेळी माणूस काय करतो? मिळेल ती गाडी धरतो. पाय सुजलेला असतो तरी दहा चाकी घेऊन तवंदी घाट चढतो, आणि सहा महिन्यांत पाय कायमचा जातो. म्हणून माझं सांगणं एवढंच, की नवी नोकरी शोधण्याआधी जुन्या नोकरीचा हिशोब पुरा करा. हातात चार पैसे असले तर नव्या मालकापुढे उभं राहून "हे काम जमेल, हे जमणार नाही" असं म्हणता येतं.

हा हिशोब म्हणजे मालकाकडे मागितलेली भीक नव्हे. कामावर दुखापत झालेल्याला भरपाई देण्याचा कायदा १९२३ चा आहे. माझा दावा त्याच कायद्याखाली झाला. आता त्या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. जुन्या कायद्यात घरी बसलेल्या काळासाठी दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के, उपचाराचा खर्च, आणि कायमचं अपंगत्व आलं तर एकरकमी भरपाई होती. महिनाभर उशीर झाला तर वर १२ टक्के व्याज. दाव्याची मुदत दोन वर्षं. आणखी एक गोष्ट मालकांनाही सांगावी लागते. पगारी ड्रायव्हरची ही जबाबदारी गाडीच्या विम्यातच धरलेली असते. विमा चालू असेल तर रकमेचा मुख्य भार कंपनीवर पडतो. हे ऐकल्यावर निम्मं भांडण मिटतं, बघा.

आपल्या सीमाभागात नेहमीचा प्रश्न येतो. घर निपाणीत, मालक महाराष्ट्रात, अपघात तिसरीकडेच. मग दावा कुठे करायचा? अपघात झाला तिथे, मालकाचं नोंदणीकृत ऑफिस असेल तिथे, किंवा तुम्ही राहता तिथे. तिन्ही वाटा मोकळ्या आहेत. पाय ओढत पुण्याला खेपा घालायची गरज नाही.

कोणी स्टॅम्प पेपरवर "माझी काही तक्रार नाही" असं लिहून सही मागितली तर करू नका. हक्क सोडून देणारा असा करार कायद्यापुढे टिकत नाही, पण तो मोडायला वर्षं जातात. समझोता करायचाच तर आयुक्तांकडे नोंदवून करा. माझा तसाच मिटला.

आता टक्क्यांचं बघा. डॉक्टर दाखल्यावर शरीराच्या अपंगत्वाचे टक्के लिहितात. कमाई किती बुडाली हा हिशोब वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सोपं उदाहरण दिलंय. डावा हात गेला तर अपंगत्व ६० टक्क्यांच्या आसपास धरतील. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल आणि त्याचं काम बंद पडलं, तर कमाईचं नुकसान जवळपास १०० टक्के. तोच माणूस सरकारी कारकून असेल आणि नोकरी टिकली, तर नुकसान तेवढं नाही.

रकमेत हा फरक मोठा पडतो. माझ्या अपघाताच्या वेळी पगार जास्तीत जास्त १५,००० धरत. ४० वर्षांच्या माणसाला तक्त्यातला आकडा १८४.१७. कमाई पूर्ण बुडाली तर १५,००० चे ६० टक्के गुणिले १८४.१७, म्हणजे १६,५७,५३० रुपये. ३० टक्केच बुडाली असं धरलं तर ४,९७,२५९. म्हणून डॉक्टरांना धंदा सांगा, कुठल्या पायावर काय भार पडतो ते सांगा. मात्र जो पुन्हा गाडी चालवणार आहे त्याने १०० टक्के मागू नयेत. ते खरं नाही, आणि टिकतही नाही.

पुराव्याला फार काही लागत नाही. हॉस्पिटलच्या पहिल्या कागदावर "कामावर असताना" हे शब्द, त्या दिवसाची बिल्टी, पगार जमा झाल्याची बँकेतली नोंद, मालकाचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. सगळं जपून ठेवा.

मग नोकरी. लायसन्सवर अवजड लिहिलंय म्हणून अवजडच शोधू नका. ट्रान्सपोर्टचं लायसन्स पाच वर्षांनी नवं करताना डॉक्टरांचा दाखला लागतोच, त्यामुळे पायाचं लपवून किती दिवस चालणार? मी आधी ओळखीच्याची रिकामी गाडी आवारात चालवून बघितली. अर्ध्या तासाने घोटा बोलायला लागला. कोगनोळी टोलच्या रांगेत तासभर क्लच दाबणं मला जमणार नव्हतं, हे त्या दिवशीच कळलं.

तीन मालकांनी माझं चालणं बघूनच परत पाठवलं. चौथ्याला मी खुर्चीत बसण्याआधीच पायाचं सांगितलं. ते म्हणाले, "मामा, छोटी गाडी चालवता काय?" सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलंय की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. म्हणजे टेम्पो, छोटे ट्रक यांची कामं बरीच आहेत. आज मी दिवसपाळीला बेळगाव-निपाणी टेम्पो चालवतो. पगार पूर्वीपेक्षा कमी. पण ताडपत्री आणि हमाली माझ्याकडे नाही, पगार बँकेत, विम्याची झेरॉक्स माझ्या खिशात. या तीन अटी पहिल्याच दिवशी बोलून घेतल्या.

शेवटी मंडळीसाठी थोडं. मी पडलो तेव्हा पाळकसाहेब घरी आले, प्रार्थना झाली, वर्गणीही जमली. त्याचे उपकार आहेत. पण मला सगळ्यात जड गेले ते कन्नडमधले कागद. शेजारच्या एका निवृत्त शिक्षकांनी ते वाचून दिले, अर्ज भरून दिला, दोनदा सोबत आले. प्रत्येक मंडळीत कन्नड वाचणारं, बँकेत किंवा शाळेत नोकरी केलेलं कुणी ना कुणी असतंच. रविवारी उपासनेनंतर त्यांनी अर्धा तास बसावं. घरी बसलेल्या ड्रायव्हरला त्या अर्ध्या तासाची फार गरज असते.

आपला नम्र,
एक ड्रायव्हर, निपाणी