लाव्याची घरगुती उबवण

जपानी लावा हा अंडी-मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या कुक्कुटगणातील पक्ष्यांत सर्वांत लहान होय. बाजारात त्याला बटेर म्हणतात, तर शास्त्रीय परिभाषेत त्याचे नाव कोटर्निक्स जॅपोनिका असे आहे. मोर, रानकोंबडा आणि तित्तिर हे याच कुळातील पक्षी. पूर्ण वाढलेल्या लाव्याचे वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास असते आणि मादी नरापेक्षा थोडी जड भरते. नराची छाती एकसारखी तांबूस असते, मादीच्या फिकट छातीवर काळे ठिपके असतात. वयाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात मादी अंडी देऊ लागते आणि उत्तम व्यवस्था असल्यास वर्षाला अडीचशेपर्यंत अंडी देते. मात्र ती अंड्यांवर बसत नाही. पिढ्यान् पिढ्यांच्या पिंजऱ्यातील जीवनात आणि केवळ अंड्यांसाठी झालेल्या निवडीत तिची खुडूक होण्याची प्रवृत्ती जवळजवळ लोपली आहे. म्हणून या पक्ष्याचा वंश पुढे चालतो तो उबवणी यंत्रावरच.

पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांच्या माळरानांवर व गवताळ उतारांवर आढळणारे लावे वेगळे. पायाखालून अचानक फुर्रकन उडणारा रानलावा आणि पावसाळ्यात गवतातून साद घालणारा पावसाळी लावा हे आपले मूळ रहिवासी आहेत. ते स्वतःची अंडी स्वतः उबवतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार त्यांना पकडणे किंवा त्यांची अंडी उचलणे हा गुन्हा आहे.

जपानी लाव्याचे माणसाळणे जपानमध्ये झाले, तेही प्रथम आवाजासाठी. अनेक शतके तो गाणारा पक्षी म्हणून पिंजऱ्यात बाळगला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची अंड्यांसाठी पद्धतशीर पैदास सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात हे संवर्धित वाण जवळपास नष्ट झाले आणि उरलेल्या थोड्या पक्ष्यांपासून पुन्हा वाढवावे लागले. भारतात हा पक्षी 1974 साली कॅलिफोर्नियातून इज्जतनगर येथे आला आणि तेथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने पुढे त्याच्या जाती विकसित केल्या. शास्त्रज्ञांनाही तो प्रिय आहे. फ्रान्समध्ये निकोल ल दुआरँ यांनी लाव्याच्या पेशी कोंबडीच्या गर्भात रोवून शरीरातील कोणती पेशी कोठून कोठे जाते, याचा माग काढला. लाव्याच्या पेशीचे केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येते, एवढ्या एका गुणावर हे सारे संशोधन उभे राहिले. मार्च 1990 मध्ये ‘मीर’ अंतराळस्थानकात उबवणी यंत्रातील लाव्याच्या अंड्यातून पिल्लू बाहेर आले. अवकाशात जन्मलेला हा पहिला पृष्ठवंशीय जीव मानला जातो.

कृत्रिम उबवणीची विद्या मात्र फार जुनी. प्राचीन इजिप्तमध्ये मातीच्या मोठ्या भट्ट्यांत हजारो अंडी एका वेळी उबवत आणि तेथील कामगार अंडे पापणीला लावून उष्णता जोखत. आपल्या मावळात खुडूक कोंबडी रवणीला बसवण्याची रीत आहे. डालग्यात भुस्सा, त्यावर अंडी आणि वर कोंबडी. अशा कोंबडीखाली लाव्याची अंडीही ठेवता येतात, परंतु दीड-दोन किलोंच्या कोंबडीच्या वजनाने ती नाजूक कवचाची अंडी बऱ्याचदा फुटतात. पुणे जिल्ह्यात खडकी येथे पशुसंवर्धन विभागाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे आणि कुक्कुटव्यवसायाचा पसाराही मोठा आहे. तरीही शंभरेक अंडी उबवू पाहणाऱ्या शेतकऱ्याला घरच्या घरी केलेली पेटी पुरते. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाने ‘करीत करीत शिकणे’ ही पद्धत ग्रामीण शाळांपर्यंत नेली. अशा पेट्या त्याच वृत्तीने तयार होतात.

पेटीची रचना साधी आहे. मासळी किंवा औषधे ज्यातून येतात ती जाड थर्मोकोलची पेटी, उष्णतेसाठी चाळीस वॅटचे दोन बल्ब, जुन्या संगणकातील बारा व्होल्टचा पंखा, अंकदर्शक तापनियंत्रक आणि पाण्याची एक थाळी. दोन बल्ब घेण्याचे कारण असे की मध्यरात्री एक गेला तर दुसरा पेटी सावरून धरतो. हवा खेळण्यासाठी तळाशी व झाकणात छिद्रे ठेवावीत, कारण कवचाआडचा जीवही श्वसन करीत असतो. पंखा असल्यास तापमान 37.5 अंश सेल्सिअस ठेवावे. पंखा नसेल तर उष्ण हवा वर साचते, अशा पेटीत अंड्याच्या वरच्या पातळीवर 38.5 अंश असावे लागतात. तापमापी पेटीच्या भिंतीला टांगून निर्धास्त होणारे पुष्कळ आहेत. ती अंड्यांच्या उंचीवरच हवी.

उष्णता यंत्र सांभाळते. पाण्याचा हिशेब माणसाला करावा लागतो आणि भोर-वेल्ह्याच्या हवेत तो फसवा आहे. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत, म्हणून पेटीतील पाण्याची थाळी काढून टाकण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात हवा तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता वाढते आणि सापेक्ष आर्द्रता घसरते. जुलैतील 23 अंशांची, 95 टक्के आर्द्रतेची हवा पेटीत शिरून 37.5 अंशांना तापली, तर तिची सापेक्ष आर्द्रता जेमतेम 40 टक्के उरते. पौषातल्या पहाटेची 12 अंशांची दवाळ हवा त्याच पेटीत 20 टक्क्यांच्या आसपास येते. ती वैशाखातल्या कोरड्या दुपारहून ओली नसते. लाव्याच्या अंड्यांना पहिले पंधरा दिवस 50 ते 55 टक्के आणि नंतर 70 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते. तेव्हा पाणी बाराही महिने हवे. ऋतूनुसार फक्त थाळीचा आकार बदलावा, कारण बाष्प पाण्याच्या खोलीवर नव्हे, पृष्ठभागावर अवलंबून असते.

आर्द्रतामापक महाग वाटत असेल किंवा त्यावर विश्वास नसेल, तर दोन साध्या तापमाप्या पुरतात. एकीच्या फुग्यावर मलमलीची ओली वात गुंडाळावी. कोरडी तापमापी 37.5 दाखवत असताना ओली 29 च्या आसपास दाखवत असेल, तर पहिल्या टप्प्यातील आर्द्रता योग्य आहे. शेवटच्या टप्प्यात ती 32 च्या वर गेली पाहिजे. याहून खात्रीची कसोटी वजनाची. पेटीत ठेवण्यापूर्वी सर्व अंड्यांचे एकत्रित वजन लिहून ठेवावे. पंधराव्या दिवसापर्यंत ते सुमारे एक दशांशाने कमी झाले पाहिजे. फारच कमी घट झाली तर वायुकोश लहान राहतो आणि पिल्लू आतच गुदमरते. जास्त घट झाली तर आतील पडदा सुकून पिल्लाला चिकटतो.

आता अंड्यांविषयी. किराणा दुकानातील खोक्यातली बटेरची अंडी उबवण्यास बहुधा निरुपयोगी असतात, कारण खाण्याच्या अंड्यांसाठी पाळलेल्या माद्यांसोबत नर ठेवला जात नाही. दोन-तीन माद्यांमागे एक नर असलेल्या थव्यातील, सात दिवसांहून जुनी नसलेली अंडी घ्यावीत. अंडे दहा-बारा ग्रॅमचे, म्हणजे मादीच्या वजनाच्या मानाने मोठे असते. त्याच्या पिवळट कवचावरील तपकिरी ठिपके अंडे घालण्यापूर्वीच्या अखेरच्या काही तासांत उमटतात आणि प्रत्येक मादीची नक्षी तिची स्वतःची असते. निरखून पाहणाऱ्याला दहा माद्यांच्या थव्यात कोणते अंडे कोणाचे हे सांगता येते. याच ठिपक्यांमुळे दिव्यासमोर धरून आतील गर्भ पाहणे कठीण जाते. त्यासाठी अंधारी खोली आणि प्रखर टॉर्च लागते. अंडी धुऊ नयेत, कारण त्यांवरील नैसर्गिक लेप जंतूंना अडवतो.

दिवसातून किमान तीन वेळा अंडी फिरवावीत, नाहीतर गर्भ कवचाच्या पडद्याला चिकटतो. पंधराव्या दिवशी फिरवणे थांबवून अंडी आडवी ठेवावीत आणि पिल्ले निघेपर्यंत झाकण उघडू नये. हा नियम सर्वांत जास्त मोडला जातो! कवचाला पडलेला पहिला टोचा दिसला की मदतीला हात सरसावतो, झाकण उघडते, बाष्प निघून जाते आणि इतर अंड्यांतील पडदे क्षणात ताठरतात. सतराव्या-अठराव्या दिवशी पिल्लू आतून कवच गोलाकार कापत जाते आणि टोपी उचलावी तसा त्याचा रुंद भाग ढकलून बाहेर येते. त्याचे वजन सहा ते आठ ग्रॅम, अंगावर पिवळे-तपकिरी पट्टे.

वीजपुरवठा खंडित होणे ही डोंगराळ गावांची नित्याची बाब आहे. पेटीत पाण्याने भरलेल्या दोन-तीन बाटल्या कायम ठेवल्यास त्या उष्णता साठवून ठेवतात, खंड लांबला तर त्यांत गरम पाणी भरता येते. गर्भ थंडी काही काळ सोसतो, अतिउष्णता मात्र सोसत नाही. तापमान 40 अंशांपुढे गेले तर पूर्ण तुकडी हातची जाऊ शकते.

निघालेली पिल्ले पहिल्या आठवड्यात 35 ते 37 अंशांच्या उबेत ठेवावीत. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र न घालता गोणपाट अंथरावे, कारण पाय घसरून फाकले की पिल्लू पुन्हा नीट उभे राहत नाही. पाण्याच्या ताटलीत खडे टाकावेत, नाहीतर इतकी लहान पिल्ले बोटभर पाण्यातही बुडतात.

अंडी व मांस हे या पक्ष्याचे मुख्य उपयोग. लाव्याची पाच अंडी वजनात कोंबडीच्या एका अंड्याएवढी भरतात. त्यांना जोडल्या जाणाऱ्या चमत्कारिक औषधी गुणांवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही, ती चांगली आणि पौष्टिक अंडी आहेत एवढे पुरे. हौस फिटली म्हणून किंवा विक्री झाली नाही म्हणून पाळीव लावे डोंगरात सोडू नयेत. जपानी लाव्याचा सामान्य लाव्याशी संकर होतो हे युरोपात आढळून आले आहे, आणि हा सामान्य लावा हिवाळी पाहुणा म्हणून आपल्याकडेही उतरतो.